न आलेला ठसका

४ ऑक्टोबर

आलो एकदाचा. खोली वाटली होती त्यापेक्षा ऐसपैस निघाली. पूर्वेला खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलाला एकच खण आणि तोही न अडकता उघडणारा. पलंगाशेजारी लाल बटण आहे, ते दाबलं की कुणीतरी धावत येतं म्हणे. मुलीने लगेच दाबून पाहिलं. खरंच एक मावशी धापा टाकत आल्या. मुलगी म्हणाली, बघा बाबा, घरी पडलात तेव्हा होतं का असं कुणी? नव्हतं. मी न्हाणीघरात पडून शेजाऱ्यांना हाका मारत होतो, पण ज्याचा सगळा जन्म कुजबुजण्यात गेला त्याची हाक भिंतीपलीकडे जाते थोडीच.

मी नाटकात प्रॉम्प्टर होतो. नट वाक्य विसरला की विंगेतून ते त्याला द्यायचं, त्याला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही इतक्याच आवाजात. ही वही मुलीने दिली आहे. रोज चार ओळी लिहीन असं माझ्याकडून वदवून घेतलं आणि डोळे पुसत गेली. मला मात्र रडू वगैरे आलं नाही. नव्या नाट्यगृहात पहिल्यांदा गेल्यावर कुठून काय दिसतं, काय ऐकू येतं ते हिंडून बघायचो, तसा दुपारभर इथे हिंडलो.

जेवणघर सुरेख आहे. गोल टेबलं, चौघांना एक. खिडकीजवळच्या टेबलावर एक जागा रिकामी होती, ती मला मिळाली. शेजारी एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नकळत नखं लपवली. पलीकडे टेलरमास्तर. त्यांनी नमस्काराच्या आधी माझ्या शर्टाचा खांदा पाहिला आणि शिवण बोटभर उतरली आहे असं सांगितलं. तिसरे ड्रायव्हर, लांब पल्ल्याच्या बसवर होते. ते दाराकडे तोंड करूनच बसतात, समोरचं दिसल्याशिवाय त्यांना घास जात नाही म्हणे. माझा धंदा ऐकून त्यांनी तिथल्या तिथे माझं बारसं केलं. आता मी कुजबुजे. कुजबुजेसाहेब, मीठ सरकवा.

७ ऑक्टोबर

आज माझी परीक्षा झाली. इथे महिन्यातून दोनदा एक मुलगी येते. तिची पदवी लांबलचक आहे. ड्रायव्हरनी तिला घशाची डॉक्टरीण करून टाकलंय. तिने मला हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं, एका यंत्राची मूठ दाबायला दिली, मग पाणी प्यायला लावून गळ्यावर बोटं ठेवून बसली. शेवटी म्हणाली, आता दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि पहिल्या बोटांनी पोटरीभोवती कडं करा. माझ्या बोटांची टोकं जुळली नाहीत. चांगलं आहे, म्हणाली, पोटरीत अजून मांस आहे. ज्याच्या कड्यात पोटरी सैल बसते त्याचा घसाही सैल पडायला लागलेला असतो.

मला हे नवीनच होतं. मी म्हटलं, म्हातारपणी गुडघे जातात, डोळे जातात, गिळणंही जातं की काय. ती हसली नाही. म्हणाली, घसा म्हणजे दंडासारखे स्नायूच आणि जीभ तर स्नायूच स्नायू. वापरलं नाही की वाळतं. तिने मला तालीम लावून दिली आहे. जिभेवर चमचा धरायचा आणि जिभेने तो वर टाळूकडे रेटायचा. जोर लावून आवंढा गिळायचा. आणि रोज मोठ्याने वाचायचं, अगदी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. ते ऐकून मलाच हसू आलं. शेवटच्या रांगेशी माझा संबंध कधी आला?

चमचा खणात ठेवला आहे.

११ ऑक्टोबर

जेवणघराची एक गंमत आज कळली. गंमत म्हणवत नाही खरं तर. प्रत्येकाच्या ताटाखाली पांढरं कापड असतं. जेवताना कुणाला ठसका लागला की मोठ्या ताई, म्हणजे इथल्या मुख्य नर्स, वळून बघतात. पुन्हा पुन्हा लागला की दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या ताटाखाली पिवळं कापड येतं. पिवळं कापड म्हणजे स्वयंपाकघराजवळचं टेबल. तिथे सगळं वाटून मिळतं, पाव काय, बटाटा काय, सगळ्याचा एकच लगदा. पाण्यातसुद्धा पूड घालून ते घट्ट करतात, म्हणजे ते घशातून हळू उतरतं आणि भलत्या नळीत जात नाही. त्यानेही भागलं नाही तर वरचा मजला. तिथे नाकातून नळी.

मोठ्या ताई वाईट मुळीच नाहीत. प्रत्येकाच्या अंगावरची शाल नीट करतात, कुणाला काय आवडतं ते पाठ आहे त्यांना. कापड घालतात तेही काळजीनेच. पण आज गवंड्यांचं कापड पिवळं झालं. हा गवंडी म्हणजे अजून दार भरेल असा माणूस. काल पुन्हा पावाच्या तुकड्याने ठसका लागला होता आणि आज सगळ्या जेवणघरासमोर तो डोळे पुसत लगद्याच्या टेबलाकडे गेला.  ड्रायव्हर हळूच म्हणाले की वर जाणारी गाडी आहे ही, परतीचं तिकीट मिळत नाही.

हेडबाईंचा चमचा तेवढ्यात ताटावर वाजला. त्यांनी पाण्याचा पेला हळूच दूर सरकवला.

१५ ऑक्टोबर

त्या दिवशी चमचा का वाजला ते कळलं. हेडबाईंना ठसका लागतो. चहाने लागतो, पाण्याने तर हमखास. आजवर त्या रुमाल तोंडावर धरून, खुर्ची मागे सरकवून, काहीतरी पडल्याचं निमित्त करून निभावत होत्या. आज सूपच्या वेळी त्यांना उबळ आली आणि मोठ्या ताई पाठमोऱ्या असूनही थबकल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाक्य विसरलेला नट विंगेकडे बघतो ना, तसं. त्या नजरेला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

मी टेबलाखालून त्यांचा हात धरला आणि कुजबुजलो. हनुवटी छातीला लावा. श्वास सोडू नका. जिभेचं टोक टाळूला घट्ट. अंगठ्याच्या पेरात नख रुतवा. आता थोडं थोडं गिळा, पुन्हा गिळा. त्यांचे डोळे पाण्याने भरले, कान लाल झाले, पण ठसका आत जिरला. मोठ्या ताई पुढे गेल्या.

ही विद्या मला आमच्या म्हाताऱ्या प्रॉम्प्टरने शिकवली होती. विंगेत धूळ असते, पडद्याचे धागे असतात, रंगाची भुकटी असते. नायिका मरत असताना विंगेतून कुणी खोकला तर तिचं मरण फुकट जातं. मी इतकी वर्षं काम केलं, एकदाही खोकलो नाही. नाटक मंडळीत माझं दुसरं कौतुक नव्हतं, पण हे होतं.

२० ऑक्टोबर

वर्ग सुरू झाला आहे. सकाळच्या उन्हात व्हरांड्यात आम्ही चौघं बसतो आणि मी पाण्याचे घोट देऊन तालीम घेतो. गुरू मी असलो तरी शिस्त हेडबाईंची. टेलरमास्तर चुकले की त्या म्हणतात, हाताची घडी, तोंडावर बोट. मग आमच्यात तीच खूण ठरली. टेबलावर कुणाचा घसा खवखवला की ड्रायव्हर नुसतं ओठांवर बोट ठेवतात आणि सगळे सावध होतात.

टेलरमास्तरांना ठसका क्वचितच लागतो, पण ते म्हणाले, टाका वेळीच घातलेला बरा. ड्रायव्हरना तर घशाची काही तक्रारच नाही, पण वर्ग बुडवायचा नाही म्हणून येतात आणि घोटाघोटाला विनोद करतात. इथे आल्यापासून मी पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडतो आहे. मुलीला फोनवर सांगितलं की मित्र मिळाले. ती म्हणाली, बाबा, किती बरं वाटलं ऐकून.

चमच्याची तालीम राहून जाते आहे. उद्यापासून.

२९ ऑक्टोबर

आमच्या टेबलाला आता शहाणं टेबल म्हणतात. मोठ्या ताईंनीच नाव दिलं. खाण्यापिण्याचा आवाज नाही, ठसका नाही, सांडासांड नाही. घशाची डॉक्टरीण येऊन गेली, पण तिला वेळ कमी असतो, ज्यांची नावं मोठ्या ताई देतात त्यांनाच ती बघते. आमच्यापैकी कुणाचं नाव नव्हतं. आम्ही चौघं परीक्षा चुकवलेल्या पोरांसारखे खुश होतो.

गवंड्यांना आज वर नेलं. उठून उभं राहताना त्यांची पॅन्ट मांड्यांभोवती लोंबत होती. लगद्यावर माणूस किती भरभर वाळतो. हेडबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि पाणी मात्र सगळं प्यायल्या, एकदाही न अडखळता.

३ नोव्हेंबर

हेडबाईंना आता विद्येची गरजच राहिलेली नाही. मी आज त्यांच्या अंगठ्याकडे लक्ष ठेवून होतो. नख रुतवावंच लागलं नाही. चहा, पाणी, सूप, सगळं सरळ खाली. मी विचारलं तर म्हणाल्या, उबळच येत नाही हो हल्ली, तुमच्या शिकवणीने घसा सरळ झाला. मोठ्या ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शाबासकी दिली. आयुष्यभर शाबासक्या वाटलेल्या बाई, पण स्वतःला मिळाल्यावर लाजल्या.

मला त्या आवडतात हे लिहून ठेवायला हरकत नाही. वही कोण वाचतंय. जेवण झाल्यावर त्या मला वर्तमानपत्र वाचून दाखवतात, वर्गात धडा वाचावा तसं, मागच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात. आज मात्र मध्येच थांबल्या. आवाज ओला येत होता, आत कुठेतरी पाणी खुळखुळतंय असा. घसा साफ करा म्हटलं. साफ आहे म्हणाल्या.

सर्दी असेल.

८ नोव्हेंबर

हेडबाई आज वर्गाला आल्या नाहीत. दमल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. जेवणाला आल्या, थोडंसं खाल्लं, ठसका नाही. श्वास मात्र भरभर चालला होता, जिना चढून आल्यासारखा. संध्याकाळी कणकण आली. मोठ्या ताई त्यांच्याजवळच बसून होत्या.

९ नोव्हेंबर

सकाळी त्यांना हॉस्पिटलात नेलं. स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मला हसवायला. मी हसलो.

१२ नोव्हेंबर

हेडबाई गेल्या.

दोन्ही फुप्फुसं भरली होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं. मोठ्या ताई रडल्या आणि म्हणाल्या की निदान शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने जेवल्या, वर जावं लागलं नाही, हेच समाधान. टेलरमास्तर खिशातला टेप बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत बसले होते. ड्रायव्हर आज दाराकडे पाठ करून बसले. खुर्ची अजून तिथेच आहे.

मला काही लिहवत नाही.

१६ नोव्हेंबर

आज घशाची डॉक्टरीण आली होती. नव्या मावश्यांना जेवणघरातच शिकवत होती. मी शेजारच्या टेबलावर होतो. माझे कान कुजबूज पकडायलाच घडलेले, ती तर चांगली मोठ्याने बोलत होती.

ती म्हणाली, ठसका म्हणजे दारावरचा पहारेकरी. अन्नाचा कण, पाण्याचा थेंब भलत्या नळीत शिरला की तो ओरडतो आणि बाहेर हाकलतो. स्नायू थकले की घोट भलतीकडे जातो हे खरं. पण खोकणाऱ्याची मला काळजी नाही, त्याचा पहारेकरी जागा आहे, त्याला व्यायाम देता येतो. भीती वाटते ती न खोकणाऱ्याची. कुणाकुणाचा घसा बधिर होत जातो. घोट फुप्फुसात उतरतो, रोज थोडा थोडा, आणि त्याला कळतही नाही. बघणाऱ्याला वाटतं, सुधारला. मग आवाज ओला होतो, माणूस दमतो आणि एक दिवस फुप्फुसं भरतात.

एका मावशीने विचारलं, खोकला मुद्दाम दाबला तर? डॉक्टरीण म्हणाली, असं कोण करेल?

मी पावाचा तुकडा हातात धरून बसलो होतो. उठून तिच्याकडे जायला हवं होतं. हे आम्ही केलंय, मी शिकवलंय, असं म्हणायला हवं होतं. पण म्हटलं असतं तर तिने माझाही घसा तपासला असता, आणि ठसके हल्ली मीही आत जिरवतोच आहे. मग पिवळं कापड, मग वर. मी मूग गिळून गप्प बसलो. ती बॅग उचलून निघून गेली.

१८ नोव्हेंबर

टेलरमास्तरांकडे लक्ष ठेवून असतो. त्यांनी आपल्या शर्टांच्या कॉलरी आत घेतल्या आहेत, मान बारीक झाली म्हणून. ठसका नाही. आज चहा पिताना त्यांच्या नाकातून पाणी आलं, त्यांनी ते पुसलं आणि पुढचा घोट घेतला. चेहऱ्यावर काही नाही. लागल्याची खूणसुद्धा नाही.

जेवण झाल्यावर त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. डॉक्टरीण काय म्हणाली ते, हेडबाईंचं काय झालं ते.  मास्तर म्हणाले, कुजबुजे, तुम्हीच शिकवलंत आणि आता तुम्हीच उसवताय. मला वर पाठवायचंय का तुम्हाला? मी म्हटलं, जगवायचंय. ते म्हणाले, नळी लावून जगवलेल्याला मी जगणं म्हणत नाही. आणि मोठ्या ताईंपर्यंत हे गेलं तर आयुष्यात तुमच्याशी बोलणार नाही.

ड्रायव्हर दुरून बघत होते. मला म्हणाले, सोडा हो, बाईंच्या जाण्याने मन हललंय तुमचं.

२२ नोव्हेंबर

मास्तरांचा आवाज ओला येतोय.

मी आज मोठ्या ताईंच्या खोलीपर्यंत गेलो. दार उघडंच होतं. त्या कुणाची तरी शाल घडी करत होत्या. त्यांनी विचारलं, काय काका, काही हवंय का? मी म्हटलं, नाही, सहज.

सहज! हा माझा आवाज होता. दुसऱ्यांची वाक्यं जन्मभर अचूक दिली, आपलं एक वाक्य आलं नाही.

२५ नोव्हेंबर

मास्तरांना सकाळी नेलं. तेच. भरभर श्वास, निळसर ओठ. 

उद्या सांगणार. नक्की.

२६ नोव्हेंबर

आज सकाळी पाणी पिताना विंगेतला नियम पाळायला विसरलो. हनुवटी वर होती, घोट मोठा होता, वेळेवर गिळलाही नाही. ठसका लागायलाच हवा होता.

लागला नाही.

पुन्हा प्यायलो. मुद्दाम मान मागे टाकून. पाणी उतरलं. कुठे उतरलं ते कळलं नाही. मग मोठ्याने आ म्हणून पाहिलं. आवाज खुळखुळत होता.

पोटरीभोवती कडं केलं. बोटं नुसती जुळली नाहीत, एकमेकांवर चढली. हे कधी झालं?

२७ नोव्हेंबर

मास्तर गेले.

गवंडी खाली आले.

दोन्ही एकाच दिवशी लिहायचं आहे. दुपारी जेवणघराचं दार उघडलं आणि गवंडी आत आले, काठी टेकत, पण आपल्या पायांनी. नाकात नळी नाही. सगळे बघतच राहिले. ते म्हणाले, वर एक नर्स पोरगी आहे, ती घशाच्या डॉक्टरणीने ठरवून दिल्याप्रमाणे रोज जिभेवर चमचा ठेवून रेटायला लावते, मोठ्याने ओरडायला लावते, खुर्चीतून उठबस करवून घेते. तिथे बाकीचेही आहेत, शिव्या घालतात तिला, पण करतात. नळी थोड्या दिवसांपुरतीच असते म्हणे. आम्हा खालच्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही कुणाला विचारलंही नव्हतं.

मग त्यांनी पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि त्यांना ठसका लागला. काय ठसका. खिडकीच्या काचा हलल्या असतील. लाल होऊन, डोळे पुसून ते हसले आणि पुढचा घास घेतला.

मी ताटावर वाकून रडलो. खणातला चमचा मी पहिल्या दिवसानंतर हातात घेतला नव्हता.

२८ नोव्हेंबर

चमचा रेटून पाहिला. जीभ दमते. लगेच घसरते.

आज सांगायला गेलो. शेवटी गेलो. मोठ्या ताईंसमोर उभा राहिलो आणि बोलायला लागलो तर आवाजच – नुसती हवा आणि खुळखुळ. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. रडू नका काका, म्हणाल्या. ड्रायव्हर सोबत आले होते, मदतीला. त्यांना वाटलं, मी काय म्हणतोय ते त्यांना समजलं. त्यांनी ताईंना सांगितलं की, कुजबुजे म्हणतायत, मित्र गेले म्हणून जीव घाबरा होतो, बाकी त्रास काही नाही, खोकला तर अजिबात नाही.

माझं वाक्य मला दुसऱ्याने दिलं. चुकीचं.

थर्मामीटर लावला. ताप नाही. थर्मामीटरच्या मते मी ठणठणीत.

३० नोव्हेंबर

खोकून बघतो आहे. दार लावून. बोट घशात घातलं. मिरी हुंगली. छातीवर मुठी मारल्या. शिंक आली. खोकला आला तो नकली, नाटकातल्यासारखा, त्याने काही हलत नाही.

आत काहीतरी भरत चाललंय. कुशीवर वळलो की ते पण वळतं.

मुलीचा फोन. मी ऐकलं फक्त. ती म्हणाली, ताई सांगत होत्या, किती शांतपणे जेवता. बाबा, तिथे ठेवलं म्हणून मी रोज स्वतःला बोल लावत होते, आता नाही लावणार. मी म्हणालो – म्हणायचा प्रयत्न केला. तिला वाटलं लाइन खराब आहे.

१ डिसेंबर

हेडबाईंच्या खुर्चीत नवीन बाई आल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. मोठा, मोकळा आवाज, खळखळून हसतात. सूपने ठसका लागला. खरा. खणखणीत.

किती बरं वाटलं तो ऐकून.

मोठ्या ताईंनी वळून पाहिलं. टेलिफोनबाई घाबरल्या. ड्रायव्हरनी त्यांना दिलासा दिला, घाबरू नका, आमच्याकडे यावर इलाज आहे. आणि ओठांवर बोट ठेवलं.

२ डिसेंबर

व्हरांड्यात वर्ग. ड्रायव्हर घेतात. हनुवटी छातीला, जिभेचं टोक टाळूला. शब्द न् शब्द माझे. मी मान हलवतो, नाही, नाही – त्यांना वाटतं मी मान डोलावतो. थकल्यावर मान कुठेही जाते.

टेलिफोनबाईंचा हात धरला. त्यांनी थोपटला.

डॉक्टरीण कधी येणार – विचारलं कुणी नाही. डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडेल.

३ डिसेंबर

लाल बटण दाबलं. मावशी धावत आल्या. मी छाती दाखवली. त्यांनी बाम लावला. चांगल्या आहेत. सगळे इथे चांगले आहेत.

वही दाखवायला हवी. दाखवली. चष्मा आणते म्हणाल्या – कुणीतरी हाक मारली –

४ डिसेंबर

हात नीट चालत नाही. अक्षर लागत नाही माझं मलाच. श्वास

टेलिफोनबाई शिकल्या लवकर. ठसका आता अर्ध्यावरच

त्यांना सांगायचं. तेवढंच. मी राहिलो तर राहिलो. वही जेवणघरात नेतो. मोठं लिहून समोर धरायचं. एकच शब्द.

दुपार

बसलोय. समोर त्या. ड्रायव्हर. मोठ्या ताई ट्रे घेऊन आल्या, शहाण्या टेबलाला आज चहा जास्त. माझ्या अंगावरची शाल नीट केली. म्हणाल्या, काका लिहितात, छान

बाईंनी कप उचलला. उबळ आलीय त्यांना. डोळे भरले. अंगठ्यात नख – माझ्याकडे बघतायत. वाक्य मागतायत

लिहितो. मोठ्ठं

खो